मियाँसाहेबांच्या मनगटावरचं अत्तर

दिनांक २ नोव्हेंबर १९५८, रविवार. दिवाळी तोंडावर आली होती. स्थळ : उस्मानाबाद, आमच्या घरमालकांचा ओटा.

हजर : एक, घरमालक मियाँसाहेब, निजामाच्या जंगल खात्यातून निवृत्त. दोन, वकीलसाहेब, पलीकडच्या गल्लीतले. तीन, मी, मुलींच्या शाळेत शिक्षिका आणि मियाँसाहेबांची भाडेकरू. चार, माझी आई. ती ओट्यावर नव्हती, खिडकीच्या आत होती, पण कान बाहेर होते.

गैरहजर : मियाँसाहेबांचा मुलगा, मुक्काम हैदराबाद. आणि मियाँसाहेबांच्या बेगम. त्या जाऊन तीनेक वर्षं झाली होती. आम्ही ज्या कामासाठी बसलो होतो ते त्यांचंच होतं.

मियाँसाहेब कसे होते हे सांगायचं तर खोली मिळाली त्या दिवसापासून सांगावं लागेल. माझी बदली नुकतीच झाली होती. एस.टी.तून उतरून आई, मी आणि दोन ट्रंका टांग्यात घालून सकाळीच त्यांच्या दारात गेलो. खोल्या रिकाम्या आहेत असं शाळेत कळलं होतं. त्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओटा झटकला आणि म्हणाले, "बसा."

मी विचारलं, खोल्या दाखवता का? तर म्हणाले, "आत्ता तर सकाळ हाय. संध्याकाळी सांगतो."

मला वाटलं संध्याकाळी खोल्या दाखवणार. तसं नव्हतं. ते आम्हांलाच पाहत होते. आम्ही तो सबंध दिवस ओट्यावर काढला. आई त्यांच्या घरचं पाणी पिणार नाही हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं. शेजारच्या घरातून कळशी भरून आणवली आणि पेरू ठेवले. मला सामान लावायचं होतं, चूल मांडायची होती, दुसऱ्या दिवशीच्या तासांची तयारी करायची होती. त्यातलं एकही काम झालं नाही. दिवेलागणीला त्यांनी किल्ली दिली.

पुढं ओळख वाढल्यावर मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत? ते म्हणाले, "सकाळी तुम्ही चिडलेल्या व्हत्या. दुपारी बी चिडलेल्या. संध्याकाळी बी तेवढ्याच. म्हटलं, पक्का रंग हाय, राहू द्या."

कुठलीही गोष्ट ते असंच जोखत. नवं सरकार कसं वाटतं म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, अजून पहिलाच वास येतोय, थांबा. नळ आला तेव्हा सगळी गल्ली भांडी घेऊन धावली आणि हे महिनाभर आडाचंच पाणी पीत राहिले. नवा मामलेदार आला की लोक हार घेऊन जात. मियाँसाहेब तो बदलून जायच्या सुमारास त्याला भेटायला जात आणि मग ओट्यावर येऊन त्याच्याविषयी एक वाक्य बोलत. ते वाक्य सहसा बरोबर निघे, पण तोवर त्याचा कुणाला उपयोग उरलेला नसे.

ही सवय त्यांना अत्तरावरून लागली होती.

बेगमचं माहेर गुलबर्ग्याकडचं, अत्तरवाल्यांचं. लग्नानंतर त्या दरवर्षी चमेलीच्या मोसमात घरापुरतं अत्तर करत. चंदनाचं तेल मियाँसाहेब खात्यातल्या ओळखीनं चांगलं मिळवत; बाकी सगळं बेगमच्या हातात. तेलात चमेली मुरवायची, वर नागरमोथा की आणखी काही, किती, केव्हा, ते त्या अंदाजानं घालत आणि कुणाला सांगत नसत. न सांगण्यात लपवाछपवी नव्हती. विचारलं की म्हणत, आता घातलं तेवढंच. सकाळी न्हाणं झालं की मियाँसाहेबांच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला त्या काडीनं एक रेघ ओढत. एवढंच. कानात फाया नाही, कपड्याला थेंब नाही.

ते अत्तर मी हुंगलेलं नाही. पण मियाँसाहेब ते पुन्हा करायच्या खटपटीत होते आणि त्यांच्या त्या प्रयोगांचा वास मी वर्षभर घेतला. म्हणून ढोबळ सांगू शकते. लावल्या लावल्या चमेली येते, तीही फुलाची नव्हे; देठ मोडल्यावर येतो तसा हिरवा, थोडा कडवट वास. पोळ्या होईपर्यंत तो जातो आणि फूल खाली बसतं, नरम होतं. दुपारी तर काहीच येत नाही. माहीत नसलेला माणूस म्हणेल, उडालं. उन्हं कलली की मग लाकूड वर येतं. देवासमोर उगाळलेल्या चंदनासारखं ओलं, गार नव्हे. बरेच दिवस बंद असलेलं कपाट उघडल्यासारखं. आणि दिवेलागणीला त्या लाकडात फुलाची जेमतेम आठवण राहते, कातडीच्या उबेइतकी. ती दोन हातांवरूनसुद्धा कळत नाही. मनगटाशी नाक न्यावं लागतं.

या अत्तराचे नियमही होते. लावल्यावर चोळायचं नाही, चोळलं की फूल मरतं. त्या हातानं कांदा चिरायचा नाही. उन्हातून जायचं नाही. म्हणून मियाँसाहेब बाजारात जाताना सावलीची बाजू धरून, रस्ता इकडून तिकडे ओलांडत वाकडेतिकडे चालत. गल्लीतली पोरं त्यांच्यामागून तसंच चालत. त्यांना ते माहीत होतं. वळून बघत नसत.

सगळ्यांत मोठी अडचण निराळीच होती. ती त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली. "आपलं आपल्याला येत न्हाय, बाई. सकाळी येतं. मग नाक म्हणतं, हौ, कळलं, आणि गप बसतं. संध्याकाळी माझ्या हातावर काय राहिलंय ते मला कधीच समजलं न्हाय. ते तिला समजायचं."

म्हणजे असं, की इतकी वर्षं ते अत्तर अंगावर वागवूनही त्यांना त्याची फक्त सकाळ ठाऊक होती. संध्याकाळ बेगमना ठाऊक होती. आता बेगम नव्हत्या आणि नमुन्यापुरतंही जुनं अत्तर उरलेलं नव्हतं.

ते मला म्हणाले, तुम्ही काही लावत नाही, तुमचं नाक कोरं आहे, मदत करा. मी काही लावत नव्हते कारण मी विधवा होते. फूल नाही, अत्तर नाही, तो प्रश्नच नव्हता. आईला हे मुळीच पसंत पडलं नाही. एक तर परका पुरुष, त्यातून मुसलमान, आणि तू वाकून त्याचा हात हुंगणार? गल्ली बघत बसेल. आईचं चूक नव्हतं. गल्लीनं बघितलंच असतं.

तोड मियाँसाहेबांनीच काढली. आमच्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडे. दिवेलागणीच्या आधी ते खिडकीला पाठ देऊन ओट्यावर बसत, तोंड रस्त्याकडे. बाही वर करून डावा हात मागं नेत आणि गजांखाली, खिडकीच्या फळीवर मनगट उलटं ठेवत. मी आतून हुंगत असे. रस्त्यावरून बघणाऱ्याला एक म्हातारा टेकून बसलेला दिसे, एवढंच. मी मागून सांगे : आज गोडी जास्त आहे. आज लाकूड लवकर आलं. आज औषधासारखं येतंय. ते रस्त्याकडे बघत मान हलवत आणि हात काढून घेत.

वर्षभर हे चाललं. आई पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून बसायची. नंतर ती सुद्धा येऊन हुंगू लागली आणि माझ्यापेक्षा ठाम मत देऊ लागली. "कालचं बरं होतं," म्हणायची. बाहेरून आवाज यायचा, "माताजींचं नाक तेज हाय."

पण आम्हां दोघींच्या नाकांना मूळ गोष्ट माहीत नव्हती. आम्ही फक्त काय येतंय ते सांगू शकत होतो. तेच का, हे सांगू शकत नव्हतो. ते सांगू शकेल असं एकच माणूस गावात होतं.

वकीलसाहेब आणि मियाँसाहेब यांची रोजची संध्याकाळ कित्येक वर्षं याच ओट्यावर गेलेली होती. एकाचं कोर्ट सुटायचं, दुसऱ्याची कचेरी, आणि अंधार पडेपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे. म्हणजे त्या अत्तराची संध्याकाळ बेगमखालोखाल वकीलसाहेबांच्या नाकातून गेलेली होती. रझाकारांच्या दिवसांत वकीलसाहेब कुटुंब घेऊन बार्शीला गेले. पुष्कळ जण गेले. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आले, पण ओट्यावर आले नाहीत. भांडण झालं नव्हतं. मियाँसाहेबांना वाटलं, जाताना सांगून गेला नाही, तर निदान येऊन भेटेल. वकीलसाहेबांना वाटलं, आता कुठल्या तोंडानं जावं, बोलावलं तर जाऊ. असं करता करता दहा वर्षं झाली. समोरासमोर आले की एक जण दुकानात शिरे.

मियाँसाहेब याबद्दल एकदाच बोलले. "गल्लीची भीती वाटली, ती मला बी वाटायची. माझी न्हाय वाटली, एवढं सांगायला तर यायचं व्हतं."

हैदराबादहून मुलाची पत्रं येत. त्याचं म्हणणं रास्त होतं : अब्बा, एकटे राहू नका, घराला कुलूप लावा, इकडं या. मियाँसाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. तुझ्या अम्मीचं अत्तर जमलं की त्याच आठवड्यात येतो. मुलाला ते कबूल होतं. त्यांच्या शब्दाला गल्लीतही मान होता. होय म्हटल्यावर तो माणूस फिरत नसे.

त्या वर्षी चमेली संपत आली तेव्हा त्यांनी एक कुपी केली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोललेच नाहीत. मनगट ठेवलं, मी सांगितलं, त्यांनी नुसतं हूं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सकाळ तर जमली. शंभर टक्के तीच सकाळ हाय. पुढचं कुणाला विचारू?"

पुढचं कुणाला विचारायचं ते उघड होतं. ते जाणार नव्हते, म्हणून मी गेले. शाळा सुटल्यावर वकीलसाहेबांच्या घरी गेले, अणदूरच्या जमिनीचा काही दावा घेऊन आलेले पक्षकार उठेपर्यंत थांबले आणि कामाचं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "त्यांनी पाठवलं तुम्हांला?"

मी म्हटलं, "नाही. त्यांनी पाठवायची वाट बघत मी बसले असते तर अजून दहा वर्षं लागली असती."

हे थोडं जास्तच झालं. पण त्यांनी वार विचारला. मी रविवार सांगितला.

रविवारी संध्याकाळी या म्हटलं होतं. वकीलसाहेब उन्हं कलायच्या आतच आले. छडी भिंतीला लावली आणि ओट्याच्या उजव्या टोकाला बसले. मियाँसाहेब डाव्या टोकाला होते. माझ्या लक्षात आलं की मियाँसाहेब एकटे असतानासुद्धा कधी उजवीकडं सरकून बसत नसत.

मियाँसाहेब रस्त्याकडे बघत म्हणाले, "दहा वर्षं लागली वकिलांना एक गल्ली ओलांडायला."

"तुमच्या गल्लीत चिखल लई," वकीलसाहेब म्हणाले.

"आता फरशी टाकली."

"दिसली. म्हणून तर आलो."

आत आईनं पदर तोंडाला लावला. त्यानंतर ते बोलत राहिले. कुणाला दमा झाला, कुणी घर विकलं, जुन्या कोर्टातल्या कुणा कारकुनाचा मुलगा डॉक्टर झाला. बेगमचा विषय निघाला तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, मला फार उशिरा कळलं. गाव एवढंसं. उशिरा कळणं शक्य नव्हतं. मियाँसाहेब म्हणाले, हौ, त्या दिवसांत निरोप नीट गेले नाहीत.

दिवेलागण झाली. मी कंदील बाहेर ठेवला नाही, घासलेटचा वास नको म्हणून. मियाँसाहेबांनी बाहीचं बटण काढलं आणि हात पुढं केला. खिडकीतून हुंगताना ते मला नेहमी पाठमोरे दिसत. त्या दिवशी पहिल्यांदा मी अशा वेळी त्यांचं तोंड बघत होते.

वकीलसाहेबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि वाकले. डोळे मिटले. खूप वेळ तसेच राहिले. मग वर बघून म्हणाले, "हेच."

मियाँसाहेबांनी हात मागं घेतला नाही. म्हणाले, "नीट बघ." तोवर सबंध दुपार ते अहो-जाहो करत होते.

वकीलसाहेबांनी पुन्हा वाकायचे कष्ट घेतले नाहीत. "अरे, हेच आहे. भाभींचंच आहे. झालं तुझं काम."

मियाँसाहेबांनी बाही खाली केली. बटण लावलं. ते लागेना, म्हणून वकीलसाहेबांनी लावून दिलं. मला वाटलं आता मिठाई येईल, निदान चहा तरी. आईनं तर आधण ठेवलंही होतं. मियाँसाहेब म्हणाले, "मग झालं," आणि ओट्यावरून उठून आत गेले. आत दिवा लागला नाही.

त्या वेळी मला काही उमगलं नाही. काम यशस्वी झालं एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच्या हातानं मुलाला पत्र लिहीत बसलेले दिसले तेव्हा आठवलं. 'अत्तर जमलं की येतो.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला ऐकू यायचं बंद झालं होतं.

मी आडून सुचवलं, एखादं वर्ष थांबा, पुढच्या चमेलीला पुन्हा करून खात्री करू. ते म्हणाले, "खात्री झाली ना. वकील खोटं कशाला बोलंल? कोर्टात बोलत असंल, वट्ट्यावर न्हाय."

दिवाळी झाली आणि मुलगा आला. सामान फार नव्हतं. सोलापूरच्या एस.टी.त बसताना त्यांनी घराची किल्ली आणि अर्धी कुपी माझ्याकडे दिली. कुपी वकीलसाहेबांना पोचवा म्हणाले. वकीलसाहेब त्या दिवशी बाहेरगावी तारखेला गेलेले होते. मियाँसाहेब खिडकीपाशी बसले, डावा हात मांडीवर. गाडी वळेपर्यंत दिसले.

कुपी पोचवली. त्यानंतर चार-आठ दिवसांनी, आम्ही दिवा लावत असताना ओट्यावर छडीचा आवाज झाला. वकीलसाहेब येऊन उजव्या टोकाला बसले होते. मी बाहेर गेले तर त्यांनी बसा म्हणून खूण केली.

"ते नव्हतं हो, बाई," ते म्हणाले.

मी उंबऱ्यावर बसले.

"मला त्याच संध्याकाळी कळलं. भाभींच्या अत्तरात शेवटी अगदी सुकं लाकूड यायचं. गोडी नसायची. ह्यात फूल रेंगाळलं होतं. जवळ आलं होतं, पण ते नव्हतं."

"मग हेच का म्हणालात?"

"दहा वर्षांनी त्यानं हात पुढं केला. त्याला नाही कसं म्हणू?" मग म्हणाले, "मुलाला काय सांगून बसला होता, ते मला कुठं माहीत होतं? नाही म्हटलं असतं तर परवा पुन्हा बोलावलं असतं त्यानं. मी आलो असतो."

मुलाच्या पत्रांचं मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सांगितलंच नव्हतं. कामापुरतं सांगितलं होतं.

जाताना ते म्हणाले, "तुम्ही कळवा त्याला. माझ्या हातून होणार नाही."

आता आईही नाही. मी अजून त्याच खोल्यांत राहते; मधलं घर बंद आहे, ते मी आठवड्याला उघडून झाडून घेते. मियाँसाहेबांचं कार्ड ईदेला येतं, मुलगा त्यांच्या वतीनं मराठीत लिहितो. तब्येत बरी असते. नातवंडं मजेत असतात. पहिल्याच कार्डात होतं की इथं सुनेला वासानं डोकं दुखतं, म्हणून लावणं सोडलं. नाही तरी काम तर झालंच आहे. हे वाक्य दरवर्षी असतं.

ते नव्हतं असं मी कळवलं, तर या वयात ते गाडीत बसून परत येतील, चमेलीच्या मोसमापर्यंत इथं एकटे राहतील आणि दिवेलागणीला त्यांच्याशेजारी दोन माणसं असतील. किंवा येणार नाहीत, आणि तिथं बसून त्यांना दोन गोष्टी कळतील : बेगमचं अत्तर गेलं ते गेलंच, आणि वकील ओट्यावरही खोटं बोलला. यातलं काय होईल हे मला ठरवता आलेलं नाही. कळवलं नाही, तर ते समाधानात आहेत असं धरून चालावं लागतं. आणि त्या संध्याकाळी आत दिवा लागला नव्हता, हे मी पाहिलेलं आहे.

वकीलसाहेब अजून येतात. आता त्यांना कमी दिसतं, छडीनं ओटा चाचपून बसतात. दर खेपेला विचारतात, कळवलं का? मी म्हणते, आज लिहिते.

माझी कामं सहसा शनिवारपर्यंत संपतात. पोस्टकार्ड आणून ठेवलेलं आहे. पत्ता लिहून झाला आहे. मजकूर राहिला आहे.